संगणकाचा सांधेवाला

स्क्रिप्ट म्हणजे एखादे काम कोणत्या क्रमाने करायचे हे संगणकाला सांगणारी, साध्या मजकुरात लिहिलेली छोटी फाइल. तिला स्वतःची खिडकी नसते, चित्रे नसतात, बटणेही बहुधा नसतात. एका ठिकाणची माहिती उचलायची, तिला हवा तो आकार द्यायचा आणि दुसरीकडे नेऊन ठेवायची, एवढाच तिचा उद्योग. रेल्वेत गाडीसाठी रूळ बदलून देणाऱ्याला मराठीत सांधेवाला म्हणतात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या पोटापाण्याच्या कामाला याहून चपखल शब्द सापडणे कठीण. गाडी त्याची नसते, रूळ त्याचे नसतात, सांधा मात्र त्याच्या हातात असतो.

हा शब्द दौंडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १८७८ मध्ये मनमाडकडचा मार्ग सुरू झाला तेव्हापासून दौंड हे जंक्शन आहे, आणि पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचे तोंड तिथे फिरवावे लागते, हे या मार्गाच्या प्रवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. एका टोकाचे इंजिन सोडायचे, ते दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचे, मग गाडी उलट दिशेने निघणार. तेवढ्या वेळात डब्यातला चहा, भेळ, गप्पा सगळे उरकते. अलीकडे दौंड कॉर्ड लाइन झाली आणि काही गाड्या इंजिन न बदलता थेट वळू लागल्या. कार्यालयातल्या कामातही अशी इंजिने रोज फिरवली जातात. एका प्रणालीतून अहवाल उतरवायचा, एक्सेलमध्ये उघडायचा, दोन रकाने पुसायचे, तारखांची मांडणी बदलायची, फाइल पुन्हा जतन करायची आणि दुसऱ्या प्रणालीत चढवायची. स्क्रिप्ट म्हणजे त्या कामाची कॉर्ड लाइन.

स्क्रिप्ट आणि मोठा प्रोग्रॅम यांतला फरक पूर्वी सरळ होता. सी भाषेतला प्रोग्रॅम आधी संपूर्णपणे यंत्राच्या भाषेत उतरवला जातो आणि मग चालतो. स्क्रिप्टच्या ओळी मात्र चालता चालता वाचल्या जातात आणि तिथल्या तिथे अमलात येतात. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बायबलचे मराठी भाषांतर केले. ते आधी पुरे झाले, तिथल्याच छापखान्यात छापले गेले आणि मग वाचकांच्या हाती पडले. ही झाली पहिली पद्धत. दुसरी पद्धत दुभाष्याची. तो शेजारी उभा राहून वाक्यामागून वाक्य सांगत जातो. भाषांतरित ग्रंथ वेगाने वाचता येतो, पण त्यातली चूक दुरुस्त करायची तर पुन्हा छापावा लागतो. दुभाष्या थोडा संथ असतो, पण त्याला मधेच थांबवून सुधारता येते. आजच्या पायथॉनसारख्या भाषा आतल्या आत दोन्हींची सांगड घालतात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा अनुभव मात्र दुभाष्याचाच राहतो. ओळ बदलायची, चालवून पाहायची, पुन्हा बदलायची.

या भाषांचा इतिहास थोडक्यात असा. युनिक्स या संगणक प्रणालीवरचे बॉर्न शेल १९७९ चे, लॅरी वॉल यांची पर्ल १९८७ ची, खिदो व्हान रॉसम यांची पायथॉन १९९१ ची, आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट १९९५ ची. सगळ्यांत टिकाऊ ठरली ती डग्लस मॅकिलरॉय यांची पाइपची कल्पना, जी १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली. एका लहान प्रोग्रॅममधून बाहेर पडणारी माहिती सरळ पुढच्याच्या तोंडात द्यायची, मधे कुठे साठवायची नाही. यवत, केडगाव, पाटस या पट्ट्यातल्या गुऱ्हाळात हीच रीत दिसते. चरकाला काहिलीशी देणेघेणे नसते, काहिलीला साच्याशी नसते. चरकातून रस निघतो, काहिलीत आटतो, साच्यात ढेप होते. प्रत्येकाने आपले एकच काम नीट करायचे. मात्र काहील कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो, आणि ते त्याला चरकाच्या माहितीपत्रकातून कळत नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचे खरे कसबही भाषेच्या व्याकरणात नसते. ज्या कामासाठी स्क्रिप्ट लिहायची त्या कामाची त्याला किती जाण आहे, यावर ते ठरते. हे म्हणणे पटायला शिरूर-दौंडच्या कामाची दोन-चार उदाहरणे पुरेशी आहेत.

शिरूर तालुक्यात पुणे-नगर महामार्गालगत रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तिथे घरगुती उपकरणांपासून मोटारींपर्यंत उत्पादन होते. दौंड तालुक्यात सोलापूर महामार्गावर कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. शिवाय दोन्ही तालुक्यांत उसाचे राज्य आहे आणि त्यामागे काटा, पावती आणि पंधरवड्याचे बिल आहे. या सर्व ठिकाणी स्क्रिप्टला पहिले काम मिळते ते बहुधा हजेरीचे. दारावरचे पंचिंग यंत्र प्रत्येक बोटाच्या ठशामागे एक ओळ लिहिते. तीत कामगाराचा क्रमांक, तारीख आणि वेळ एवढेच असते. बाहेर पडण्याच्या वेळेतून आत येण्याची वेळ वजा केली की कामाचे तास निघतात, असे कोणालाही वाटेल. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीला ते खरेही ठरते. तिसऱ्या पाळीचा कामगार रात्री १० ला आत येतो आणि सकाळी ६ ला बाहेर पडतो. सहातून बावीस गेले की उरतात उणे सोळा तास. रात्रभर राबलेल्या माणसाकडेच कारखान्याचे सोळा तास निघतात, असा हिशेब संगणक निर्विकारपणे मांडतो. उत्तर उणे आले तर त्यात २४ मिळवा, हा उपाय एका ओळीत बसतो आणि त्याने आठ तास बरोबर निघतात. पण रात्रीची पाळी संपवून, बदली आला नाही म्हणून, तोच कामगार पहिल्या पाळीलाही थांबला आणि दुपारी २ ला बाहेर पडला तर? तेव्हा सोळा तास खरोखरच भरलेले असतात, आणि दोन ठशांच्या मधे तिसरा नसतो. कमाल आठ तास धरायचे असे ज्याने लिहून ठेवले असेल, त्याची स्क्रिप्ट त्या माणसाचा ओव्हरटाइम गिळून टाकते. अशी वेळ येऊ शकते हे पुस्तकात नसते. ते पाळीच्या सुपरवायझरला विचारावे लागते, आणि विचारणे हाच या धंद्यातला मोठा वेळखाऊ भाग आहे.

हजेरीनंतर येतो पीएफ. मालकाने दर महिन्याच्या पगाराचा तपशील पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो, तो एका साध्या मजकुराच्या फाइलमधून. तिच्यात प्रत्येक कामगाराची एक ओळ असते. ओळीत अकरा रकाने असतात, आणि दोन रकान्यांमधे #~# अशी तीन चिन्हांची कुंपणकाठी असते. स्वल्पविराम सोडून हे असे चिन्ह कशाला, असा प्रश्न पडतो. ही तीन चिन्हे याच क्रमाने कोणाच्या नावात किंवा आकड्यात येणे जवळपास अशक्य आहे. स्वल्पविराम मात्र रकमेत सहज घुसतो. हाताने अशा दोनशे ओळी टंकणे म्हणजे डोळ्यांची परीक्षा. स्क्रिप्टला त्यासाठी सेकंदही लागत नाही.

पण एक रुपया घोळ घालतो. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाकडे जातात आणि रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात धरतात. १५,००० या कमाल पगारावर ८.३३ टक्के म्हणजे १,२४९ रुपये ५० पैसे होतात, म्हणून १,२५०. आता महिन्यात थोडेच दिवस भरलेल्या एखाद्याचा पीएफचा पगार ५,००० आला, तर ४१६ रुपये ५० पैसे होतात. एक्सेल त्याचे ४१७ करते. पायथॉनचे नेहमीचे राउंड हे फंक्शन नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे झुकते आणि ४१६ सांगते. दोघांचेही नियम आपापल्या जागी शहाणे आहेत. सतत वरच धरत गेले तर मोठ्या बेरजा फुगतात, म्हणून संख्याशास्त्रात समाकडे झुकण्याची रीत रूढ झाली. १५,००० ला मात्र दोघांचे उत्तर योगायोगाने एकच येते, कारण १,२५० ही संख्या सम आहे. त्यामुळे फक्त मोठ्या पगारावर स्क्रिप्ट तपासणाऱ्याला हा फरक दिसतच नाही. लेखा विभागाच्या बेरजेत एक रुपया जुळत नाही म्हणून अर्धा दिवस शोधाशोध होते, आणि तो रुपया सापडल्यावर होणारा आनंद पगारवाढीच्या तोडीचा असतो.

सर्वांत रसाळ गोंधळ नावांचा. महाराष्ट्रात शिरूर नावाचे तीन तालुके आहेत. पुणे जिल्ह्यातले शिरूर, बीडमधले शिरूर कासार आणि लातूरमधले शिरूर अनंतपाळ. राज्यभरच्या याद्या नुसत्या नावावरून जोडणारी स्क्रिप्ट घोड नदीकाठचा माणूस मराठवाड्यात नेऊन सोडते. पुण्याजवळचे शिरूर ओळखू यावे म्हणून लोक त्याला घोडनदी म्हणतात, त्यामुळे एकाच गावाची दोन नावे यादीत शेजारी शेजारी बसतात. शिवाय शिरूर दीर्घ रू काढून लिहावे की ऱ्हस्व रु, यावर फलकांचे एकमत नाही. दौंडचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांत आजच्यापेक्षा वेगळे, धोंड असे वाचावे असे आहे. तळेगाव म्हटले की ढमढेरे की दाभाडे हे विचारावेच लागते, कारण पहिले शिरूर तालुक्यात आहे आणि दुसरे मावळात. यावर पिनकोड हा बरा उतारा आहे. ४१२२१० म्हटले की घोडनदीचे शिरूर, ४१३८०१ म्हटले की दौंड. मात्र तो रकाना भरलेला असला पाहिजे, आणि हाताने भरलेल्या याद्यांत नेमका तोच रिकामा राहतो.

गाड्यांच्या क्रमांकांचेही असेच. उसाची वाहतूक करणाऱ्या गाड्यांवर बारामती परिवहन कार्यालयाचा एमएच ४२ हा क्रमांक दौंड भागात सर्रास दिसतो. काट्यावरच्या नोंदीत तो कधी सलग येतो, कधी मधे जागा सोडून, कधी आडवी रेघ किंवा टिंब देऊन. माणसाला ही सगळी एकच गाडी दिसते, संगणकाला चार. इथे स्क्रिप्टवाल्याचे लाडके हत्यार बाहेर निघते, ते म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. दोन अक्षरे, मग वाटल्यास काहीही चिन्ह, मग दोन अंक, मग पुन्हा वाटल्यास चिन्ह, अशा साच्याचे वर्णन त्यात एका ओळीत करता येते. ती ओळ पाहणाऱ्याला कीबोर्डवर मांजर चालून गेल्यासारखी वाटते. लिहिणाऱ्याला मात्र तीत लय दिसते, आणि चार गाड्यांची एक झाल्यावर टनांची बेरीज जुळते तेव्हा तिचे सार्थक होते.

मराठीत स्क्रिप्टवाल्याचे स्क्रिप्टशी दुहेरी नाते असते, कारण इंग्रजीत लिपीलाही स्क्रिप्टच म्हणतात. भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डाचे इनस्क्रिप्ट हे नाव त्यातूनच आले. सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ ची असली, तरी पुढे बरीच वर्षे कार्यालयांतले मराठी टंकन पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपी आणि सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींवर चालले. त्या काळच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाँट काढून घेतला की मजकुराचा चिवडा होतो. अशा जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणे हे आजही स्क्रिप्टवाल्याकडे येणारे मानाचे काम आहे. ते नुसते अक्षराला अक्षर बदलून होत नाही. शिरूर या शब्दात पहिली वेलांटी डोळ्यांना श च्या आधी दिसते. जुन्या फाँटमध्ये ती तशीच आधी टंकली आणि साठवली जाई. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो, म्हणून आधी श आणि मग वेलांटी. रफाराचे नेमके उलटे. पूर्व लिहिताना तो जुन्या फाँटमध्ये व नंतर यायचा, युनिकोडमध्ये आधी येतो. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या स्क्रिप्टला मराठी शुद्धलेखनाची थोडीफार जाण द्यावीच लागते.

युनिकोडमध्ये आल्यावरही सुटका नसते. गुऱ्हाळ हाच शब्द घ्यावा. त्यातला अर्धा, कोयत्यासारखा वाकलेला र दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला र, हलन्त आणि ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचे न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब एक. संगणकाच्या मोजणीत पहिला सात चिन्हांचा, दुसरा आठ. नोंदवहीत गुऱ्हाळ शोधायला जावे तर निम्मीच सापडतात, आणि यादी डोळ्यांखालून कितीही वेळा घातली तरी कारण दिसत नाही, कारण ते दिसणारे नाहीच. युनिकोडचे प्रमाणित रूप करून देणारी तयार साधने आहेत, पण हे दोन प्रकार त्यांच्या दृष्टीने वेगळेच आहेत. तेव्हा हा बदल मराठी स्क्रिप्टवाल्याने आपल्या हातानेच लिहायचा. एकदा लिहिलेल्या त्या दोन ओळी तो पुढच्या प्रत्येक कामात बरोबर नेतो, गवंडी आपला ओळंबा नेतो तसा.

अंकांची गंमत निराळी. पायथॉन देवनागरीतला ४२ बिनतक्रार बेचाळीस समजते. एक्सेल त्याला बहुधा मजकूर समजून बेरजेतून वगळते. जावास्क्रिप्टमध्ये अंक शोधायला सांगितले तर तिला फक्त इंग्रजी अंक दिसतात. एकाच कागदाबद्दल तीन साक्षीदार तीन जबान्या देतात, आणि तिन्ही आपापल्या नियमाने खऱ्या असतात.

लॅरी वॉल यांनी प्रोग्रॅमरच्या अंगी आळस, उतावीळपणा आणि घमेंड हे तीन सद्गुण हवेत असे म्हटले, ते या धंद्यात आजही हसत हसत सांगितले जाते. यातला आळस म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा हाताने करण्याचा मनापासून आलेला कंटाळा. दहा मिनिटांचे काम वाचवण्यासाठी स्क्रिप्टवाला दोन दिवस खर्च करतो, असे सहकारी चिडवतात. महिन्यातून एकदाच येणारे दहा मिनिटांचे काम असेल तर वर्षभरात दोनच तास वाचतात, तेव्हा चिडवण्यात तथ्य असते. पण तेच काम रोज आणि पाच टेबलांवर होत असेल तर दोन दिवसांची भरपाई महिन्याभरात होते. शिवाय हाताने होणाऱ्या चुका टळतात, ती जमा वेगळीच.

या कामात शिरणारे सगळेच संगणकशास्त्राचे पदवीधर नसतात. लेखा विभागातला लिपिक आधी एक्सेलचा मॅक्रो रेकॉर्ड करतो, मग त्यात काय लिहिले गेले ते उघडून पाहतो, एक आकडा बदलून बघतो, आणि वर्षभरात सगळा विभाग त्याच्या टेबलाशी येऊ लागतो. करून शिकण्याच्या या वाटेला शिरूर तालुक्यात मोठा आधार आहे. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता विज्ञान शिकावे याच आग्रहातून. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीने जगभर रुजवलेल्या या कल्पनेच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी ती एक. तिथे विद्यार्थी आराखड्याची फाइल यंत्राला देतो, यंत्र लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिक कापते, आणि फाइलमधली चूक तुकड्याच्या रूपाने हातात पडते. स्क्रिप्ट शिकताना मिळणारे सुख याच जातीचे आहे. चूक लपत नाही आणि शिक्षकाची वाट पाहावी लागत नाही.

चुकीची भीती एकाच ठिकाणी वाजवी असते, ते म्हणजे पुसण्याच्या आज्ञेत. फोल्डरच्या नावात मधे एक मोकळी जागा पडली, तर शेलच्या स्क्रिप्टला ती दोन वेगवेगळी नावे वाटू शकतात, आणि पुसायला सांगितले असेल तर ती भलतेच काही पुसते. म्हणून जाणता माणूस आधी कोरडी फेरी मारतो. स्क्रिप्टने काही करायचे नाही, काय करणार ते फक्त छापून दाखवायचे. तो कागद वाचून झाला, मूळ फाइलची प्रत बाजूला काढून झाली, की मगच खरी फेरी. हा क्रम कधीही मोडू नये.

उरते ते वेळेवर चालवणे. युनिक्सच्या जगात ते काम क्रॉन नावाचा पहारेकरी करतो. त्याला मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशा पाच रकान्यांची एक ओळ द्यायची. ० २ * * * म्हणजे रोज पहाटे २ वाजता. ही ओळ फसवते ती घड्याळामुळे. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असते, आणि पहाटे २ चे काम सकाळी साडेसातला सुरू होते, नेमके पाळीवर लोक आलेले असताना. दुसरी मेख तारीख आणि वार दोन्ही भरण्यात आहे. पहिल्या सात तारखा आणि सोमवार असे लिहिले की महिन्याचा पहिला सोमवार मिळेल, अशी समजूत होते. क्रॉन मात्र दोन्हींपैकी काहीही जुळले तरी चालतो, त्यामुळे काम सातही दिवस होते आणि वर प्रत्येक सोमवारीही होते.

आणि क्रॉनला तिथी कळत नाही. रांजणगावला महागणपतीचे देऊळ आहे. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, दर्शनाची गर्दी महामार्गापर्यंत येते. अशा दिवशी कामगारांची बस अडकली तर उशिराचा शेरा सरसकट मारू नये, एवढी समज हजेरीच्या स्क्रिप्टला द्यायची असेल, तर संकष्टी कधी ते तिला सांगावे लागते. पाच रकान्यांच्या ओळीत चंद्र बसत नाही. तिथीचे गणित स्क्रिप्टमध्ये लिहिता येते, पण चंद्रोदयाच्या वेळी कोणती तिथी हे ठरवणारा तो हिशेब किचकट आहे, आणि एका कारखान्याच्या हजेरीसाठी तेवढे करणे हा शुद्ध हौसेचा भाग होईल. सोपा मार्ग असा की स्क्रिप्टशेजारी एक छोटी फाइल ठेवायची आणि तीत वर्षाच्या बारा किंवा तेरा संकष्टींच्या तारखा लिहायच्या. मग १९७३ पासून मराठी भिंतींवर असलेले कालनिर्णय वर्षाअखेरीस नवे आले, की ही फाइल उघडली जाते, पाने उलटत एकेक तारीख टंकली जाते, मंगळवारी आलेल्या तारखेपुढे अंगारकीची खूण होते, आणि वर्षभरासाठी फाइल बंद होते.